तळघरातली केळ

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री अशा येतात की शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सातपुड्याकडून गार वारा सुटतो, पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि केळीच्या बागांच्या बांधांवर ठिकठिकाणी काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटतात. धूर बागेवर पसरून राहावा आणि जमिनीची ऊब थोडी अडावी, हा त्यातला हेतू. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून काही जण रात्रीच पाणी सोडतात. कडेने लावलेली शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत वारा अडवते. एवढे करूनही थंडी लांबली तर पानांवर पिवळे पट्टे उमटतात, नवे पान पोंग्यातच अडखळते आणि निसवणीला आलेला घड बाहेर पडता पडता अडकतो. बागेला ‘चरका बसला’ असे आमच्याकडे म्हणतात. अशा आठवड्यात माझ्या दवाखान्यात झोप उडालेली, रक्तदाब वाढलेली माणसे नेहमीपेक्षा जास्त येतात. कारण विचारावे लागत नाही.

माझा थोरला भाऊ मात्र शेकोटी पेटवत नाही. तो केळ घरात घेतो.

दादा १९८९ साली नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि न्यू जर्सी राज्यात एडिसनजवळच्या एका गावात स्थिरावला. तिथे थंडीची पहिली हिमरेघ ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उमटते आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा सरेपर्यंत रात्रींचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणी केळ लावण्याचे वेड कुणाला लागेल, असे वाटते. पण २०१८ च्या वसंतात तो बायकोबरोबर गुलाबाची रोपे आणायला रोपवाटिकेत गेला आणि कुंडीतले हातभर उंचीचे केळीचे रोप घेऊन परतला. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात कुंडीला लटकवलेली चिठ्ठी दिसत होती : ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’. मी त्याला कळवले, ‘अरे, ही तर आपली बसराई!’

नव्या पिढीला हे नाव आता फारसे ठाऊक नसेल. आमच्या भागात आज सगळीकडे उतिसंवर्धित ग्रँड नैन आहे; पण आमच्या वडिलांच्या बागेत बसराई होती. बुटकी, आखूड देठाची, रुंद पानांची. तीच जात जगभर ड्वार्फ कॅव्हेंडिश म्हणून ओळखली जाते, आणि या नावातच घरात हिवाळा काढण्याची गोष्ट दडलेली आहे. १८३० च्या दशकात इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसमार्गे आलेली ही केळ तापवलेल्या काचघरात वाढवून तिला फळ धरायला लावले आणि मालकाच्या घराण्याचे नाव तिला दिले. म्हणजे दादाने जे आरंभले ते नवे नव्हते. त्याच्याकडे काचघर आणि माळ्यांचा ताफा नव्हता, एवढेच.

पहिल्याच हिवाळ्यात ते रोप गेले. ऑक्टोबरात त्याने कुंडी दिवाणखान्यात आणली आणि रोज सकाळी चहाबरोबर तिलाही तांब्याभर पाणी घालू लागला. जानेवारीत पाने पिवळी पडली, तेव्हा तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवले. फेब्रुवारीत खोड बोटाने दाबले तर आत गेले आणि घरभर कुजका वास सुटला. शेतकऱ्याच्या मुलाने असे करावे याचे मला आश्चर्य वाटले, पण विचार केल्यावर ते ओसरले. आमच्याकडे केळ म्हणजे पाण्याची तहानलेली, ठिबकाची नळी कधी न सोडणारी. तिला पाणी नको असते अशी वेळ येऊ शकते, हे आम्ही कधी पाहिलेलेच नव्हते.

केळीचे वनस्पतिशास्त्र थोडे समजून घेतले की उलगडा होतो. ज्याला आपण खोड म्हणतो ते खोड नव्हेच. ती पानांच्या देठांची एकावर एक घट्ट गुंडाळलेली आवरणे असतात. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरले की वाढ जवळजवळ थांबते, आणि दहाच्या खाली पानांच्या पेशींना इजा होऊ लागते. शून्याला पाने काळी पडून मान टाकतात, तरी कंद जिवंत असू शकतो. वाढ थांबलेली, उजेड कमी, पानांतून बाष्प जाणे मंदावलेले. अशा वेळी दिलेले पाणी वर खेचले जात नाही. ते मुळांशी साचते आणि कंद कुजतो. घरात घेतलेल्या केळी थंडीने मरतात त्याहून अधिक मायेने मरतात, असे दादा पुढे म्हणू लागला.

दुसऱ्या वर्षी त्याने नवे रोप आणले आणि रीत शिकून घेतली. ती दोन प्रकारची आहे. घरात दक्षिणेकडची मोठी खिडकी असेल तर एखादी कुंडी तिथे ठेवावी, वरची दोन-तीन इंच माती कोरडी झाल्यावरच बेताने पाणी द्यावे, खत बंद ठेवावे. केळ जेमतेम एखाद-दुसरे पान काढते, पण जागी राहते. तिथे शत्रू असतो कोळी. घर तापवणाऱ्या यंत्रांनी हवा कोरडी होते आणि पानांच्या पाठीला सूक्ष्म लाल कोळी जाळी विणतात. त्यावर औषधापेक्षा ओले फडके बरे. दर आठवड्याला पानांच्या दोन्ही बाजू पुसायच्या. दुसरी रीत झोपवण्याची. पहिल्या हिमाच्या आधी पाने उतरवायची, खोड दीड-दोन फुटांवर कापायचे, कंद मातीसकट उपसून किंवा कुंडीतच तळघरात न्यायचा. पाच ते दहा अंशांची थंड, कोरडी, अंधारी जागा हवी. पाणी जवळजवळ नाही. माती अगदी भुकटी होऊ लागली तर महिन्यातून कपभर. मे महिन्यात पुन्हा बाहेर, पण एकदम उन्हात नव्हे. आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, नाहीतर सहा-सात महिने अंधारात राहिलेली केळ चार तासांत करपते.

२०२० च्या जूनमध्ये आमचे वडील गेले. विमाने बंद होती, दादा येऊ शकला नाही. अंत्यविधी त्याने फोनच्या पडद्यावर पाहिला. त्या वर्षी त्याच्या केळीला पहिल्यांदा मुनवे फुटले, आणि त्याने एकही काढून टाकला नाही. आमच्या बागेत वडील मुनव्यांच्या बाबतीत कठोर होते. मुख्य झाडाचे अन्न खातात म्हणून दर पंधरवड्याला विळ्याने छाटत. दादाने मात्र प्रत्येकाला वेगळी कुंडी दिली. काही मेले, काही त्याने मित्रांना दिले. २०२३ साली त्याच्याकडे चार मोठ्या केळी होत्या.

आता माझ्या व्यवसायाकडे वळते, कारण या लेखाचे खरे निमित्त तिथे आहे.

दादाला वयाच्या अडतिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे. बरीच वर्षे त्याने तो नीट सांभाळला, काही वर्षे नाही सांभाळला. २०२२ मध्ये त्याच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला २४ मिलिलिटरपर्यंत उतरली होती. निरोगी माणसात हा आकडा ९० च्या वर असतो. १५ ते २९ म्हणजे विकाराचा चौथा टप्पा, ज्याच्या पुढे डायलिसिसचा विचार सुरू होतो. तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी औषधे बदलली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्याची यादी हाती दिली. टाळायच्या पदार्थांत पहिले नाव केळ्याचे होते.

त्या रात्री त्याचा फोन आला. शनिवारी त्याच्या रात्री साडेनऊला आणि माझ्या रविवारी सकाळी सातला बोलण्याचा आमचा शिरस्ता आहे. म्हणाला, ‘‘डॉक्टरीणबाई, बापाने केळीवर शिकवला आणि ही बाई म्हणते, केळे खाल्लेस तर मरशील.’’ मी हसले. त्याला समजावले की ती बाई बरोबर सांगते आहे.

शंभर ग्रॅम पिकलेल्या केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाला ते हितकारकच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाकाठी निदान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून घ्यावे असे सुचवते, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे तेवढे होत नाही. रक्तात मात्र त्याचे प्रमाण फार अरुंद मर्यादेत राहावे लागते, साधारण साडेतीन ते पाच. जादा झालेले बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. ती थकली की पोटॅशियम रक्तात साठते, आणि त्याचा पहिला आघात होतो हृदयाच्या ठोक्यांवर. यातली भयंकर गोष्ट ही की शरीर आधी सूचना देईलच असे नाही. पायांत अशक्तपणा, थोडी मळमळ, मुंग्या. कधी तेवढेही नाही. भरीला, मूत्रपिंडांचे रक्षण व्हावे म्हणून ज्या रक्तदाबाच्या गोळ्या मधुमेहींना देतात, त्यांतल्या काही स्वतःच पोटॅशियम वाढवतात. म्हणून त्या आपल्या मनाने थांबवायच्या नसतात. त्या घेत असताना रक्ततपासणी चुकवायची नसते. दादा अशीच एक गोळी घेत होता.

केळी खाणे त्याने खरोखर सोडले. बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचे, हे वहिनींनी शिकून घेतले. नारळपाणी, सुकामेवा, टोमॅटोचे सार बंद झाले. मिठाऐवजी मिळणारे ‘हलके मीठ’ मीच फोनवरून काढून टाकायला लावले, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. इतके सगळे सांगून झाल्यावर सावध केल्याचे समाधान मला लाभले होते. मी एक गोष्ट विसरले होते, आणि ती माझीच होती.

२०११ साली दादा सुट्टीवर आला असताना त्याच्या कुशीत कळ उठली. सोनोग्राफीत डाव्या बाजूला पाच मिलिमीटरचा खडा दिसला. आमच्या आजीचे ठरलेले औषध म्हणजे केळीच्या खोडाच्या गाभ्याचा रस. दादाने मला विचारले, घेऊ का? वेदनाशामक लिहून देता देता मी म्हणाले, ‘‘घे हवा तर. अपाय काही नाही त्यात.’’ आठ दिवसांत खडा पडला. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे पुरेसे पाणी प्यायले की आपोआपच पडतात. श्रेय मात्र रसाला गेले, आणि मीही ते जाऊ दिले. पुढची अनेक वर्षे दवाखान्यात कुणी विचारले की मी तेच वाक्य म्हणत असे : अपाय काही नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हिमाची सूचना आली आणि दादाने तीन केळी झोपवायला घेतल्या. खोडे कापली. कापलेल्या खोडांची आवरणे सोलत गेले की आत मनगटाएवढा पांढराशुभ्र, करकरीत गाभा निघतो. आपल्याकडे त्याची भाजी करतात. तो फेकून देणे त्याच्या जिवावर आले. त्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मराठी मजकूर फिरत आला होता : केळीच्या खोडाचा रस रोज अनशापोटी घेतल्यास मूत्रपिंडे पूर्ववत होतात. त्याने दोन आणि दोन चार केले. मिक्सरमध्ये गाभा फिरवून, गाळून, वर लिंबू पिळून तो रोज सकाळी मोठा पेला भरून घेऊ लागला. मला सांगितले नाही. बरे झालेले क्रिएटिनिन दाखवून मला चकित करायचे होते, असे नंतर कळले.

केळ ही पोटॅशियमची खादाड वनस्पती आहे. शेतकरी पालाशची खते तिला उगाच देत नाहीत. आणि ते पालाश फळात जाते तसे पानांत आणि खोडातही साठते. दादाने यादीतले केळे सोडले आणि केळीचा उरलेला साठा प्यायला घेतला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, दवाखान्यात गर्दी असताना वहिनींचा फोन आला. तिथे सकाळचे नऊ वाजले होते. ‘‘ताई, यांच्या पायांत बळच नाही. जिना उतरवत नाही म्हणतात. रात्री नीट झोप झाली नसेल म्हणून मी आराम करायला सांगितला आहे.’’ काय खाल्ले, काय प्यायले, असे मी विचारू लागले. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, ‘‘नेहमीचेच. आणि तो तुमचा रस.’’

‘तुमचा’ हा शब्द मला अजून ऐकू येतो.

मी त्यांना रुग्णवाहिका बोलवायला सांगितली. स्वतः गाडी काढू नका, त्यांना चालवत नेऊ नका, रसाचे आणि गोळ्यांचे नाव तिथे स्पष्ट सांगा, असेही सांगितले. पुढचे रुग्ण कसे तपासले ते आठवत नाही. इस्पितळात ई.सी.जी.वर ठोक्याच्या शेवटची लाट तंबूसारखी उंच आणि टोकदार झालेली होती. रक्तातले पोटॅशियम ६.९. शिरेतून कॅल्शियम देऊन हृदयाला संरक्षण, इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम तात्पुरते पेशींत ढकलणे, मग ते शरीराबाहेर काढणारी औषधे, असे उपचार वेळेत झाले. डायलिसिस करावे लागले नाही. चार दिवसांनी तो घरी आला. मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विमानात बसले.

रागावण्याची तयारी करून गेले होते. विमानतळावर तो स्वतः आला नव्हता, त्याच्या मुलीने घरी आणले. सोफ्यावर बसलेला दादा मला वडिलांसारखा दिसला, आणि तयारी तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘मी अडवले असते हो ताई. पण तुमचेच औषध म्हणून बोलले नाही.’’ त्यात आरोप नव्हता, म्हणून ते जास्त लागले. दादाने विषय मिटवायचा प्रयत्न केला. ‘‘तू म्हणालीस तेव्हा माझी मूत्रपिंडे धड होती. तेव्हा अपाय नव्हता, आता होता. तुझे वाक्य खोटे नव्हते, जुने होते.’’ माझी बाजू घ्यायची त्याला लहानपणापासून सवय आहे. पण मी ते वाक्य केवळ त्यालाच म्हटले नव्हते. परगावच्या लग्नात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या दारात उभ्याउभ्या विचारणाऱ्या किती जणांना ते सांगितले, आणि त्यांच्यापैकी कितीजणांचे क्रिएटिनिन मला ठाऊक होते? घरगुती उपायाला ‘अपाय नाही’ म्हणणे डॉक्टरला फार सोपे जाते. त्यात रुग्णाचे मन राखले जाते आणि वेळही वाचतो.

तीन आठवडे मी तिथे होते. तिथले नोव्हेंबर-डिसेंबर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना माहीत असेल, संध्याकाळी साडेचारला अंधार होतो. नुकताच निवृत्त झालेला, आजाराने घाबरलेला माणूस त्या अंधारात खुर्चीत बसला की उठत नाही. दादा जेवणाच्या ताटाकडे संशयाने पाही, निम्मे सोडून देई. पथ्याच्या भीतीने उपाशी राहणारे मूत्रपिंडाचे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचे स्नायू झडतात आणि नवेच दुखणे सुरू होते. मी आणि वहिनींनी आहारतज्ज्ञ बाईंकडून यादी पुन्हा समजून घेतली, पण या वेळी काय चालते याची. सफरचंद, पेरू नको पण नासपाती थोडे, कोबी, फ्लॉवर, दुधी, भात, पोळी, डाळ मोजून. चालणाऱ्या पदार्थांची यादी शीतकपाटावर लावली आणि नको असलेल्यांची खणात ठेवली. एवढ्याने तो पोटभर जेवू लागला असे नाही, पण ताटाशी बसू लागला.

एक दिवस म्हणाला, ‘‘तळघरात कुणी बघितले आहे का?’’ कुणी बघितले नव्हते. त्याचा हात धरून मी जिना उतरले. कोपऱ्यात तीन कुंड्या होत्या, त्यांत कापलेले तीन ठोंब. ओळखणाऱ्यालाच ती केळ वाटावी. थंडी बोचत होती. दादाने खाली बसून एकेक ठोंब अंगठ्याने दाबला, नाकाशी माती नेली. मी रोज रुग्णांच्या पायांवरची सूज अशीच अंगठा दाबून पाहते. दोन घट्ट होते. तिसऱ्याचे वरचे चार बोटे मऊ पडले होते. त्याने सुरी मागितली, निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत ते कापून काढले आणि कापावर गंधकाची भुकटी लावली. मी सवयीने विचारले, ‘‘पाणी घालायचे का थोडे?’’ तो हसला. ‘‘याची मूत्रपिंडे सध्या बंद आहेत.’’ ऑक्टोबरनंतर त्याचा तो पहिला विनोद.

पुढे रोज सकाळी आम्ही तळघरात जाऊ लागलो. करायचे काही नसे. तापमापक पाहायचा, ठोंब दाबायचे, वर यायचे. तेरा पायऱ्या खाली, तेरा वर. बागकामाने मन सुधारते असे सरसकट विधान मी करणार नाही. त्याला नैराश्याचे औषध लागले असते तर मी औषधाचाच आग्रह धरला असता. पण आजारी माणसाला कुणाकडून तरी रोज काही घ्यावे लागते, आणि काळजी घ्यायला त्याच्या वाट्याला काहीच राहत नाही. दादाला तेवढे तीन ठोंब होते. खिडकीतली चौथी केळ वहिनींच्या ताब्यात होती. रविवारी पाने पुसताना त्या तिच्याशी बोलत. त्यांना वाटे, मी झोपले आहे.

परतल्यावर मी दवाखान्यात एक बदल केला. कुणी खोडाचा रस, गोखरूचा काढा, नारळपाण्याचा रतीब याबद्दल विचारले की आधी वय, मधुमेह, रक्तदाब आणि चालू गोळ्या विचारते. गेल्या वर्षभरातला क्रिएटिनिनचा कागद मागते. कागद नसेल तर उत्तर देत नाही. आमच्याकडे केळ दारात असते, तिच्या रसाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे काही जण नाराज होऊन जातात. एकाने तोंडावर म्हटले, ‘‘तुम्हीच तर आधी चालेल म्हणायच्या.’’ हो, म्हणत होते.

२०२४ च्या मे महिन्यात तिन्ही ठोंबांच्या मधोमध हिरवी सुरळी आली. कापलेल्या ठोंबाला महिना उशीर झाला. आणि खिडकीतली केळ, जी एकही हिवाळा झोपली नव्हती, तिने ऑगस्टच्या शेवटी अंगणात कमळ बाहेर काढले. दादाने पहाटे उठवून दाखवले. माझ्याकडे तेव्हा दुपार होती, पण फोनवर त्याचा आवाज पहाटेचाच होता. निसवणीपासून काढणीपर्यंत आमच्या उन्हातही तीन-चार महिने लागतात. तिथे तेवढे दिवस हातात नव्हते. ऑक्टोबरात घड लागलेली केळ कुंडीसकट आत न्यायची ठरली. माती वाळू दिली तरी वजन शंभर किलोच्या घरात. दादाला हात लावू द्यायचा नाही, असा वहिनींचा दंडक. जावई आणि शेजारचा एक तरुण यांनी चाकांच्या गाडीवरून ती खिडकीशी नेली. पाने छताला टेकली. घडाला खालून चिमट्यांनी कापडी झोळी बांधली.

दोन फण्या होत्या, मिळून सतरा केळी, तीही बोटभर लांबीची. फेब्रुवारीत त्यांच्या कडा भरल्या आणि घड उतरवला. पिकायला आणखी दहा दिवस गेले. त्या काळात दादाचे पोटॅशियम ४.८ होते. त्याने कुणालाही न सांगता आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली, सोबत एक केळे नेले आणि त्यांच्या वजनकाट्यावर ठेवले. साल काढून ५२ ग्रॅम भरले. बाईंनी हिशेब करून सांगितले : त्या दिवशी बटाटा, टोमॅटो आणि डाळ नाही, दूध अर्धा कप, तर हे एक चालेल. एकच. आणि आठवड्याने रक्त तपासायचे.

रविवारी सकाळी मी फोनसमोर बसले. वहिनींनी ताट मांडले होते, त्यावर त्याच झाडाचे एक पान आणि पानावर ते केळे. बाकीची सोळा मुलीच्या घरी आणि शेजाऱ्यांकडे वाटून झाली होती. दादाने सोलून पहिला घास घेतला, बराच वेळ चघळला. मी विचारले, ‘‘आपल्यासारखे लागते?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘जरा पाणचट आहे.’’ आणि उरलेले सावकाश संपवले.

आठ दिवसांनी पोटॅशियम ४.९ आले. घड दिलेली केळ पुन्हा फळत नाही. ती कापावी लागते. त्याने बुंध्यातून कापली, बाजूचा तलवारीच्या पात्यासारखा एक मुनवा ठेवला. खोडाचे तुकडे करून गाभ्यासकट बागेतल्या खताच्या खड्ड्यात टाकले, त्यावर बर्फ पडायच्या आत माती लोटली आणि मला त्याचे छायाचित्र पाठवले.